मोजक्या कपड्यांत व्हिएन्नाच्या ऑपेराला

प्रश्न असा आहे. सांगलीची एक मुलगी शिकायला व्हिएन्नात येऊन तीन महिने झालेत. डिसेंबरात ती आणि तिचा एक वर्गमित्र स्टेट ऑपेरात 'ला बोहेम' हे संगीतनाटक बघायला जाणार आहेत, उभ्या जागेचं तिकीट काढून. तिच्याकडे दोन जीन्स, प्रेझेंटेशनसाठी घेतलेली एक काळी पँट, पांढरा शर्ट, काळा पातळ पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, जाड स्वेटर, फुगीर नायलॉनचं जॅकेट, स्पोर्ट्स शूज, घोट्यापर्यंतचे काळे बूट आणि आईनं निघताना बॅगेत घातलेली गडद हिरवी इरकल एवढंच आहे. मित्राकडे नोकरीच्या मुलाखतीसाठी घेतलेला एकच सूट. दोघांत मिळून खर्चायला ४० युरो. ती विचारते, "ताई, दारात अडवतील का? आणि आत गेल्यावर सगळे आमच्याकडेच बघत राहतील का?"

मी गेली २२ वर्षं या शहरात कपडे दुरुस्तीचं काम करते. कंबर कमी करायची, बाही उचलायची, अस्तर बदलायचं, चेन बसवायची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नृत्याच्या समारंभांचा मोसम असतो, तेव्हा माझ्या टेबलावर जमिनीपर्यंत लोळणारे झगे आणि काळे लांब शेपटीचे कोट एकावर एक पडलेले असतात. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ मी ऑपेरात उभी असते. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

आधी भीती काढून टाक. तुम्हाला कोणी अडवणार नाही. हाफपँट, बिनबाह्यांचा गंजीफ्रॉक आणि रबरी चपला इथे चालत नाहीत, आणि डिसेंबरात तसं कोणी येतही नाही. लांब झगा आणि शेपटीचा कोट सक्तीचा असतो तो फक्त ऑपेराबॉलला, म्हणजे राखेच्या बुधवारच्या आदल्या गुरुवारी याच इमारतीत होणाऱ्या नृत्यसमारंभाला. फोटो बहुतेक त्या रात्रीचे फिरतात, आणि नवीन माणसाला वाटतं की रोजच असं असतं. रोजच्या प्रयोगाला बसायच्या जागांवर सूट, गडद पोशाख, मोत्यांच्या माळा दिसतील. उभ्या जागांवर विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, थेट कामावरून आलेले लोक आणि संगीत शिकणारी मुलं असतात. तिथे काळी पँट आणि स्वच्छ शर्ट म्हणजे नीटनेटका माणूस. गडद, न फाटलेली जीन्ससुद्धा कोणाला खुपत नाही.

आता लोक बघतील का, याचं उत्तर. ही इमारत १८६९ मध्ये उघडली, मोत्सार्टच्या 'डॉन जोव्हान्नी'नं. त्या काळी खेळ चालू असताना प्रेक्षागृहात दिवे बऱ्यापैकी जळत ठेवायची पद्धत होती. समोरच्या बॉक्समध्ये कोण बसलंय, कुणाच्या गळ्यात काय आहे, हे बघणं संध्याकाळचाच भाग होता. १८७६ मध्ये संगीतकार वाग्नरनं जर्मनीतल्या बायरॉइटला आपलं नाट्यगृह उघडलं आणि तिथे प्रेक्षकांना अंधारात बसवलं. पुढे १८९७ पासून दहा वर्षं गुस्ताव माहलर इथला संचालक होता, त्यानंही दिवे मंद केले आणि उशिरा येणाऱ्यांना मध्येच आत सोडणं बंद केलं. म्हणजे मिरवायचे कपडे ज्या उजेडासाठी शिवले जात, तो उजेडच गेला. आज तुझे कपडे दिसतात ते जिन्यावर आणि मध्यंतराच्या वीसेक मिनिटांत. बाकीचा सगळा वेळ तू काळोखात एका कठड्याला टेकून उभी असणार आहेस.

आणि काळोखात कपडा दिसत नाही, तो ऐकू येतो. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे. इथले गायक माइकशिवाय गातात. वाद्यवृंदावरून आवाज शेवटच्या गॅलरीपर्यंत पोहोचावा म्हणून त्यांनी अर्धं आयुष्य घालवलेलं असतं. त्या आवाजाला आड येते ती नायलॉनची सळसळ, टिकल्यांची करकर, वेल्क्रोची फर्र, पिशवीची चेन.

मला हे कसं कळलं ते सांगते. इथे आले त्या पहिल्याच हिवाळ्यात मी लग्नातला शालू नेसून, हातात हिरवा चुडा भरून गेले होते. ऑपेरा म्हणजे मोठा प्रसंग, तर लग्नाला जावं तसं जावं, एवढंच मला कळत होतं. तिसऱ्या अंकात गाणं अगदी दबक्या सुरात आलं. मी कठड्यावरचा हात जरा हलवला आणि काकणं लाकडावर वाजली. खूप मोठ्यानं नाही, पण त्या शांततेत सगळ्या रांगेनं ऐकली. शेजारी सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी काही न बोलता पर्समधून मोठा सुती रुमाल काढला, माझ्या मनगटाभोवती काकणांवरून गुंडाळला आणि गाठ मारून दिली. मध्यंतरानंतर दुसऱ्या हातालाही त्यांनीच त्यांचा स्कार्फ बांधला. तो रुमाल आजही माझ्याकडे आहे. तेव्हापासून ऑपेरासाठी कुणी कपडा दुरुस्तीला आणला, की मी तो आधी कानाजवळ धरून चोळून बघते.

तूही तेच कर. दार बंद करून एकेक कपडा हातात घेऊन चोळ. फुगीर जॅकेट सर्वांत जास्त वाजेल, पण ते तुझ्याबरोबर आत येणारच नाही. इथे कोट आणि मोठ्या पिशव्या गार्डरोबमध्ये द्याव्याच लागतात, प्रेक्षागृहात नेऊ देत नाहीत. त्यामुळे जॅकेट जुनं आहे, कसं दिसेल, ही काळजी सोड. ते रस्त्यापासून काउंटरपर्यंतचं आहे. त्याच्या आत काय आहे तेच बघायचं.

मग इरकल की काळी पँट? माझं मत इरकलच्या बाजूनं आहे, एका अटीवर. इरकलीचं अंग सुताचं असतं किंवा सूत-रेशमाचं, पदर रेशमाचा, त्यामुळे ती कांजीवरमसारखी सळसळत नाही, अंगाला धरून राहते आणि घामही शोषते. पैठणी असती तर मी नको म्हटलं असतं. जरीचा भारी पदर, अरुंद उतरत्या पायऱ्या आणि मागून उतरणारी माणसं, यांचं जुळत नाही. आईनं नेमकी इरकल दिली हे तुझ्या चांगल्याचं झालं. गडद हिरवं अंग आणि काठांचा तो लाल रंग पिवळ्या दिव्यांत फार खुलतो. मी हे काम करणारी म्हणून सांगते, त्या जिन्यावर हजारभर युरोंचे झगे असतात, त्यांच्या बरोबरीनं चांगली नेसलेली इरकल उभी राहते.

अट अशी की तुला साडीत तीन तास उभं राहता आलं पाहिजे. 'ला बोहेम' मध्यंतरासकट सव्वादोन ते अडीच तासांचं आहे, त्याच्या आधी रांगेत उभं राहणं वेगळं. म्हणून आदल्या रविवारी साडी नेसून खोलीत वावर. भांडी घास, दोन मजले जिना उतर-चढ, अर्धा तास ओट्याला टेकून काही वाच. निऱ्या सुटत नसतील आणि तुझा हात सारखा कमरेकडे जात नसेल तर नेस. जात असेल तर काळी पँट घाल आणि साडी उन्हाळ्यासाठी ठेव. साडी सावरत उभी असलेली मुलगी गाणं ऐकू शकत नाही, आणि तू गाणं ऐकायला चालली आहेस.

नेसायचीच ठरली तर ब्लाऊज शोधत बसू नकोस. काळा पातळ टी-शर्ट हाच तुझा ब्लाऊज. गळा गोल असेल तर उत्तम. जाड स्वेटर मात्र नको. बाहेर शून्याखाली असलं तरी वरच्या गॅलरीत ऊब साठते, खाली दीडेक हजार माणसं बसलेली असतात आणि त्यांची सगळी उष्णता वर येते. लोकरीत गुरफटून आलेली माणसं पहिल्या अंकातच घामानं भिजतात. परकर सुतीच घे. सॅटिनचा परकर हीटरच्या कोरड्या हवेत पायांना चिकटतो, चालताना चटचट आवाज येतो आणि साडी वर चढत जाते. सॅटिनचाच असेल तर आतल्या शिवणीला एक सेफ्टी पिन लावून ठेव आणि नेसण्याआधी ओल्या तळव्यानं आतून एकदा पुसून घे, बराच फरक पडतो. परकराच्या आत गरम लेगिंग असू दे. पदर घड्या घालून खांद्यावर पिन कर, कोपरापर्यंत मोकळा सोडू नकोस. एक पिन टी-शर्टाच्या आतून लाव म्हणजे कापड ओढून भोक पडणार नाही.

साडी नेहमीपेक्षा दोन बोटं वर नेस. इथे रस्त्यांवर बर्फ वितळावा म्हणून मीठ आणि घसरू नये म्हणून बारीक खडी टाकतात. फॉल त्या चिखलात एकदा भिजला की कडेला पांढऱ्या रेषा उमटतात, आणि सुती कापडातून त्या सहज जात नाहीत. खाली घोट्यापर्यंतचे काळे बूट घाल. साडीखाली बूट कसे दिसतील असं तुला वाटेल. काळे, पुसलेले, पॉलिश केलेले बूट साडीच्या काठाखाली दिसतच नाहीत, आणि दिसले तरी ते इथल्या हिवाळ्याचेच असतात. कितीतरी बायका येताना बूट घालतात आणि गार्डरोबपाशी कापडी पिशवीतून हलके जोडे काढून बदलतात. तुझ्याकडे तसा दुसरा जोड नाही, तर घरून निघताना एक ओलं फडकं पिशवीत टाक आणि काउंटरपाशी बुटांवरचं मीठ पुसून घे. कोल्हापुरी असेल तर ती डिसेंबरात नको. पाय गारठतील ते वेगळं, पण नवी कोल्हापुरी कशी करकरते तुला माहीतच आहे.

दागिन्यांत कानात मोती किंवा बुगडी, गळ्यात जे नेहमी असतं ते. काकणं घरी ठेव. पैंजणही. अंबाड्यात फूल माळायची हौस असेल तर अंबाडा मानेवर खाली घाल, डोक्यावर उंच नको. तुझ्या मागे उभा असलेला माणूसही तिकीट काढून आला आहे आणि तो कदाचित तुझ्यापेक्षा बुटका असेल. अत्तर लावू नकोस. उभ्या जागेत माणसं खांद्याला खांदा लावून असतात, आणि तीन तास दुसऱ्याचा वास सहन करणं सोपं नाही.

पँटचं ठरलं तर एक गोष्ट लक्षात ठेव. दोन काळे रंग एकमेकांना क्वचितच जुळतात. वर्षभर धुतलेली काळी पँट आणि नवा काळा टी-शर्ट उजेडात शेजारी आले की पँट तपकिरी किंवा करडी दिसू लागते. खिडकीपाशी दोन्ही धरून बघ. जुळत नसतील तर पँटवर पांढरा शर्ट घाल आणि साडीच्याच रंगातली एखादी ओढणी किंवा स्टोल गळ्यात असू दे. कोणी सांगेल की काळा डाय आणून घरीच रंगवून टाक. रंगवू नकोस. सुती कापड रंग घेतं, पण शिलाईचा धागा बहुधा पॉलिस्टरचा असतो, तो घेत नाही. मग सगळ्या पँटभर जुन्या रंगाच्या टाक्यांच्या रेषा उठून दिसतात. दर वर्षी असे दोन-तीन कपडे माझ्याकडे येतात आणि मला काही करता येत नाही.

पँटची लांबी बघ. बुटांवर कापडाची एक हलकी मोड पडली पाहिजे, दोन-तीन वळ्या नकोत. जास्त असेल तर आत मोडून हातानं तुरपून घे, टाका बाहेर अगदी एका धाग्याइतकाच दिसू दे. सेफ्टी पिनांनी किंवा चिकटपट्टीनं भागवू नकोस, जिना चढताना सुटते. इस्त्री करताना पँटवर ओलसर सुती फडकं घाल आणि मग इस्त्री दाब. थेट फिरवलीस तर शिवणींवर आणि खिशांवर जी चकाकी येते, ती झुंबराच्या उजेडात आधी दिसते. माझ्या मते कपडा महाग की स्वस्त हे पहिल्या नजरेला कळत नाही. इस्त्री, लांबी आणि बूट या तीनच गोष्टी कळतात, आणि तिन्ही तुझ्या हातात आहेत.

आता तुझ्या मित्राचा सूट. हे मी जरा जास्त सांगणार आहे, कारण आपल्याकडून येणाऱ्या मुलांच्या कोटांवर मला तीच तीच गोष्ट दिसते. कोटाच्या बाहीवर बाहेरून शिवलेली कंपनीची पट्टी असेल तर ती आजच उसवून टाकायला सांग. ती दुकानापुरती असते. कोटाच्या मागे खाली जी चीर असते, तिच्यावर दोऱ्याची फुली मारलेली असेल. तीही दुकानातून नेताना कापड वळू नये म्हणून घातलेली कच्ची शिलाई आहे. ती तशीच राहिली तर बसल्यावर कोट पाठीवर फुगतो. ब्लेड वापरू नये, टोकदार बारीक कात्रीनं फुलीचा मधला भाग कापायचा आणि दोरे ओढून काढायचे. खिसे बंद शिवलेले असतात, त्यांतला एक उसवला तरी पुरे, तिकिटापुरता. दुसरा बंद राहिला तर कोटाचा आकार बरा राहतो.

बाहीतून शर्टाचा कफ अर्धा इंच बाहेर दिसायला हवा. बाही लांब असेल आणि मनगटावरची बटणं नुसती शोभेची असतील, म्हणजे खाली काज कापलेलं नसेल, तर कुठलाही दुरुस्तीवाला खालून बाही आखूड करतो. काज खरं असेल तर बाही मुंढ्यापासून उचलावी लागते, ते काम महाग आहे, आत्ता करू नये. कोटाला इस्त्री लावायची नाही. आदल्या रात्री आंघोळीनंतर वाफ भरलेल्या न्हाणीघरात रुंद खांद्याच्या हँगरवर टांगायचा, सकाळी ब्रशनं वरून खाली झाडायचा. सुरकुत्या आपोआप उतरतात. सर्वांत खालचं बटण उघडं. टाय असेल तर छान, नसेल तर शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवून स्वच्छ कॉलर, एवढं खूप झालं. मोजे काळे आणि लांब, बसल्यावर नडगी दिसू नये. त्याच्याकडे घरून आणलेला बंद गळ्याचा कोट किंवा नेहरू जॅकेट असेल तर त्यानं तेच घालावं. काळ्या पँटवर बंद गळा म्हणजे इथे पूर्ण समारंभी पोशाख धरतात, आणि टायचा प्रश्नच मिटतो.

४० युरो कुठे घालायचे? कपड्यांत नको, हे माझं मत. मोची गाठून बुटांच्या झिजलेल्या टाचा बदलून घ्या, कारण झिजलेली टाच दगडी जिन्यावर वाजते. एक काळं बूट पॉलिश आणि बुटांत घालायचे जाड मऊ तळवे घ्या. तीन तास उभं राहिल्यावर त्यांची किंमत कळते. मित्राला पांढरा शर्ट हवा असेल किंवा तुला लोकरीचा पातळ स्टोल हवा असेल तर नव्याच्या दुकानात जाऊ नका. कारिटास या सेवाभावी संस्थेची जुन्या कपड्यांची 'कार्ला' दुकानं आहेत, हुमाना आहे, आणि शनिवारी केटनब्र्युकनगासेपाशी नाशमार्क्टचा जुना बाजार भरतो. तिथे शर्ट घेताना कॉलरची घडी उलटी करून बघा, शर्ट आधी तिथेच विरतो. कॉलर लावल्यावर गळ्याशी दोन बोटं जावीत. स्टोल लोकरीचा आहे की अॅक्रिलिकचा हे तळहातात घट्ट मुठीत धरून सोडल्यावर समजतं. लोकर हळूहळू उलगडते आणि हाताला लगेच ऊब देते, अॅक्रिलिक गुळगुळीत लागतं आणि कोरड्या हवेत केसांना चटके देतं.

आणि स्कार्फ दोन न्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. उभ्या जागांना पूर्वी क्रमांक नसायचे. आधी पोहोचणारा कठड्याला आपला स्कार्फ किंवा रुमाल बांधायचा, तेवढ्यानं ती जागा त्याची व्हायची, मग तो खुशाल पाणी प्यायला किंवा गार्डरोबला जाऊन यायचा. दुसऱ्याची गाठ कोणी सोडायचं नाही. मी कितीतरी वर्षं ते बघितलं, पण या रिवाजाचं मला अजून फार अप्रूप वाटतं. तुमच्या तिकिटावर जागेचा क्रमांक असेल तर तिथेच उभे राहा, नसेल तर स्कार्फ बांधा. कठड्यावर भाषांतराचा छोटा पडदा असतो, त्यावर स्कार्फ घालू नका. आणि तुमचा एकुलता एक स्कार्फ तिथे बांधून ठेवलात तर मध्यंतरात मान उघडी राहते, म्हणून दुसरा.

'ला बोहेम' निवडलंस याचा मला आनंद आहे, आणि तुझ्या प्रश्नाशी त्याचं नातं आहे म्हणून थोडं सांगते. पुच्चिनी या इटालियन संगीतकाराचं हे ऑपेरा १८९६ मध्ये तोरिनोला पहिल्यांदा झालं. पॅरिसमधल्या चार गरीब तरुणांची गोष्ट आहे, ज्यांच्याकडे शेगडीत घालायला लाकूड नाही. दुसऱ्या अंकात नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्यातल्या एकाची जुनी प्रेयसी मुझेत्ता बूट पायाला लागतोय म्हणून ओरडते आणि त्या निमित्तानं सोबतच्या म्हाताऱ्याला चांभाराकडे पिटाळते. चौथ्या अंकात नायिका मिमी मरणाला टेकलेली असते, तिचे हात गारठलेले असतात. मुझेत्ता कानातली विकायला काढते. तत्त्वज्ञान शिकणारा कोलीन, त्याच्याकडे एकच जुना ओव्हरकोट असतो, तो त्या कोटाचा निरोप घेणारं एक छोटं गाणं गातो आणि औषधासाठी कोट गहाण टाकायला जातो. दोनेक मिनिटांचं गाणं आहे, खालच्या आवाजातलं, एका कोटाशी बोललेलं. मी दिवसभर लोकांचे कोट हाताळते, आणि त्या दोन मिनिटांत मला दरवेळी रडू येतं. इथलं हे नाट्यरूप दिग्दर्शक झेफिरेल्लीनं १९६३ मध्ये बसवलेलं, अजून तेच चालू आहे. त्या कोटाच्या गाण्याच्या वेळी काहीही वाजू देऊ नकोस, खोकल्याची गोळी असेल तर कागद आधीच सोडवून रुमालात ठेव.

पुढे कधी दुसऱ्या शहरात गेलात तर कपड्यांचं गणित थोडं बदलतं. मिलानच्या ला स्कालात ७ डिसेंबरची मोसमाची पहिली रात्र सोडली तर गडद साधा पोशाख चालतो, पण हाफपँट आणि बिनबाह्यांचे शर्ट तेही आत घेत नाहीत. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये कसलीच सक्ती नाही. इंग्लंडमधल्या ससेक्सचं ग्लाइंडबोर्न मात्र वेगळं. १९३४ पासून तिथे संध्याकाळच्या पूर्ण पोशाखात यायची प्रथा आहे, आणि दीडेक तासाच्या मध्यंतरात लोक हिरवळीवर डबे उघडून जेवतात. तिथे साडी सुरेख दिसते, टाच मात्र सपाट हवी, ओल्या गवतात उंच टाच रुतते. इटलीतल्या व्हेरोनाच्या उघड्या रोमन रिंगणात दगडी पायऱ्यांवर बसायचं असेल तर कपड्यांपेक्षा उशीचा विचार करा, दिवसभर तापलेला दगड रात्री अकरालाही गरम असतो. बायरॉइटला जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात लाकडी खुर्च्यांवर पाच-पाच तास बसायचं असतं, तिथे सुती साडीइतकं शहाणपणाचं दुसरं काही नाही.

आणि सुट्टीत मुंबईला गेलीस तर गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस बघ. मी तिथल्याच चाळीत वाढले. माझ्या लहानपणी ऑपेरा हाऊस म्हणजे सिनेमाचं थिएटर आणि बसचा स्टॉप. ऑपेरा हा गाण्याचा प्रकार असतो हे फार उशिरा कळलं. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेलं ते थिएटर १९९३ पासून बंद होतं, ते ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडलं, ऑपेरा गायिका पॅट्रिशिया रोझारिओंच्या गाण्यानं. तिथे थंडी बाहेर नसते, आत एसीची असते, म्हणून शाल न्यायची.

घरी परतल्यावरचं शेवटचं काम रात्रीच कर, झोप आली असली तरी. साडी घडी घालून ठेवू नकोस, दारावर किंवा दोरीवर मोकळी पसरून ठेव, अंगाची ऊब आणि ओल निघून जाऊ दे. काठाला मिठाचा पांढरा डाग दिसला तर ओल्या सुती फडक्यानं नुसता टिपून घे, चोळू नकोस. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंब आणि हीटरपासून लांब ठेव, जवळ ठेवलेलं चामडं तडकतं. मित्राला सांग, कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून झोपू नकोस.